वल्ही कुणी फेकू नयेत

ऑगस्ट उजाडला की मालवण-देवबागच्या किनाऱ्यावर लाटांच्या आवाजात दोरीचा आवाज मिसळू लागतो. खर्रर्र करून दोरी बाहेर येते, सुर्रर्र करून आत जाते, आणि या दोहोंच्या मध्ये जो तिसरा आवाज व्हायला हवा तो होत नाही. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी मासेमारी बंदी संपलेली असते. नारळी पौर्णिमेचा नारळ दर्याला पोचलेला असतो किंवा पोचायचा असतो. जाळी शिवून तयार असतात. आणि दोन महिने पडवीत गोणपाटाखाली पडून असलेली आठ-दहा अश्वशक्तीची जुनी आउटबोर्ड मोटर होडीच्या मागच्या फळीला लटकून मालकाच्या खांद्याची परीक्षा घेत असते.

खांदा उतरायच्या आत सल्लागार जमतात. होडी ओढायला माणसं हवी असली तर हाका माराव्या लागतात. मोटर बंद आहे ही बातमी हाकेशिवाय पोचते. पहिला लांबूनच निदान करतो, "कार्बोरेटर!" दुसरा जवळ येऊन, झाकणावर हात ठेवून, डोळे किंचित मिटून सांगतो, "कार्बोरेटरच." तिसरा बारा वर्षं मुंबईला गोदीत होता, त्यामुळे त्याला कॉइलचा संशय येतो. शाळेतून परतणारं एखादं पोर मध्येच म्हणतं, "काका, ह्या तांबडा कायतरी खाली पडला हा." पण त्याचं वय बघता त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. तोवर पाने आणि पक्कड मागवलेली असते.

वास्तविक टू-स्ट्रोक इंजिनाच्या मागण्या कुठल्याही सरकारी कचेरीपेक्षा कमी आहेत: पेट्रोल-हवेचं मिश्रण, वेळेवर ठिणगी आणि सिलिंडरमध्ये दाब. तिन्ही मिळालं की ते चालतंच. न चालण्याचं स्वातंत्र्य त्याला नाही. यातलं कोणतं मिळत नाही हे शोधायला प्लगचा पाना आणि एक अंगठा पुरतो. प्लग काढून बघावा. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, संशय ठिणगीवर घ्यावा. ठणठणीत कोरडा असेल तर पेट्रोल वाटेत कुठेतरी अडलंय. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून दोरी ओढावी. आतली हवा अंगठा उडवून लावत असेल तर दाब आहे. मग प्लग वायरीला जोडून, त्याचं अंग इंजिनाच्या धातूला टेकवून, भोकापासून जरा लांब धरून दोरी ओढावी आणि निळी ठिणगी दिसते का बघावं. (तोंडात विडी असेल तर ती आधी लांब टाकावी. ठिणगी कुणाची, हे पेट्रोलची वाफ विचारत नाही.)

सगळा तपास पाच मिनिटांचा. पण त्यात विद्वत्तेला वाव नाही आणि जमलेल्या मंडळींना करायला काही उरत नाही, म्हणून किनाऱ्यावर तो सहसा शेवटी केला जातो.

या यंत्राचा धंदा ज्याने उभा केला तो ओले एविनरूड १८७७ साली नॉर्वेत जन्मला आणि लहानपणीच घरच्यांबरोबर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनला गेला. कथा अशी सांगतात की उन्हाळ्यातल्या एका सहलीत, तळ्याकाठी, बेस नावाच्या मुलीला आइस्क्रीम खावंसं वाटलं. ओले होडी वल्हवत पलीकडे गेला, आइस्क्रीम घेतलं, वल्हवत परत आला, आणि तेवढ्यात त्याचं दूध झालं होतं. दुसऱ्या कुणी पुढच्या सहलीला खारे दाणे नेले असते. ओलेने इंजिन बनवलं. (बेसशी लग्नही केलं.) कल्पना काही त्याची एकट्याची नव्हती. मिशिगनचा कॅमेरॉन वॉटरमन त्याच्या आधीच अशा मोटरी विकत होता. पण १९०९ साली बाजारात आलेली ओलेची दीड अश्वशक्तीची, ६२ पौंड वजनाची मोटर खपली ती मुख्यतः बेसमुळे. पत्रव्यवहार आणि हिशेब तिच्याकडे होते. पहिला नमुना बघून हे कॉफी दळायचं यंत्र दिसतंय असं म्हणणारी तीच, आणि जाहिरात लिहिणारीही तीच. जाहिरातीचा आशय एवढाच होता: वल्हवू नका, वल्ही फेकून द्या, एविनरूडची मोटर घ्या.

त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. एविनरूड नावाच्या मोटरी बनणं २०२० मध्ये बंद पडलं; वल्ही अजून बनतात. बेसबाईंचा तो सल्ला मानणारा जुन्या मोटरीचा एकही मालक कोकण किनाऱ्यावर सापडायचा नाही. उलट मोटर जितकी जुनी तितकी होडीतली वल्ही धडधाकट, असा अनुभव आहे. अनोळखी होडीतल्या मोटरीचं वय विचारण्याऐवजी वल्ह्यांकडे बघावं.

आता त्या पोराचं तांबडं कायतरी. मोटरीच्या पुढच्या बाजूला बंद करायचं बटण असतं. त्याच्या मुळाशी एक प्लास्टिकची चिमटी अडकवलेली असते आणि चिमटीला तांबडी, पिळदार दोरी. ती दोरी चालवणाऱ्याने मनगटाला बांधायची. तो पाण्यात पडला तर चिमटी निसटते, ठिणगी तुटते आणि होडी मालकाला मागे टाकून गोव्याला जात नाही. चिमटी जागेवर नसेल तर मोटर सुरू होत नाही. तिची नेमणूकच त्यासाठी आहे. तरीही ज्या दिवशी चिमटी वाळूत पडलेली असते त्याच दिवशी कार्बोरेटर उतरवला जातो, धुतला जातो, फुंकला जातो आणि परत चढवला जातो. मग कुणाच्या तरी पायाला चिमटी लागते, ती बसवली जाते, आणि मोटर पहिल्या ओढीत धडधडू लागते. श्रेय कार्बोरेटर धुण्याला मिळतं. पुढच्या वर्षीच्या सल्ल्याची पायाभरणी अशी होते.

दुसरा गुन्हेगार टाकीच्या झाकणावर उघड बसलेला असतो. नेताना-आणताना पेट्रोल सांडू नये म्हणून झाकणाला हवेचा एक बारीक स्क्रू असतो. तो उघडायचा राहिला तरी मोटर सुरू होते. छान चालते. पोहत परतता येणार नाही इतकी लांब होडी नेते, आणि मग टाकीत पोकळी होऊन पेट्रोल यायचं थांबलं की विझते. मालक झाकण उघडून "पेट्रोल आहे की!" असं आश्चर्य करतो आणि झाकण परत लावतो. तेवढ्यात हवा आत शिरलेली असते, म्हणून मोटर पुन्हा चालते, आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने विझते. यावर 'कॉइल गरम होते' असा सिद्धांत मांडला जातो. जुन्या कॉइलचं आवरण तडकलेलं असेल तर ती खरोखरच गरम झाल्यावर दगा देते, हे त्या सिद्धांताचं बळ. त्यामुळे तो कधी मरत नाही. वाळूतून जाणारा म्हातारा तांडेल मात्र "हवेचो स्क्रू उघडलंस काय रे?" एवढंच विचारतो आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातो. अशा माणसाला किनाऱ्यावर खडूस म्हणतात.

यांच्या खालोखाल गिअर. गिअर टाकलेला असताना दोरी ओढलीच जाऊ नये अशी सोय काही मोटरींत असते. मग दोरी हलत नाही आणि 'इंजिन जाम झालं' ही बातमी मालकाच्या बायकोला मालकाच्या आधी कळते. टाकी वेगळी असेल तर पाइपवर रबराचा एक गोळा असतो; तो दाबत राहायचा, कडक झाला की पेट्रोल पोचलं. गोळ्यावर बाण असतो आणि बाण मोटरीकडे हवा. पाइप बदलताना गोळा उलटा बसला, तर कितीही दाबला तरी पेट्रोल मोटरीकडे सरकत नाही. दाबणाऱ्याचा पंजा तेवढा मजबूत होतो.

मात्र ऑगस्टातल्या खर्रर्र-सुर्रर्रचं खरं मूळ बहुतेकदा मेअखेरच्या पेट्रोलमध्ये असतं. शेवटच्या फेरीनंतर मोटर गोड्या पाण्याच्या पिंपात उभी करून चालवायची, आतलं खारं पाणी धुऊन काढायचं, पेट्रोलचा पाइप सोडवायचा आणि कार्बोरेटर कोरडा होऊन ती आपोआप बंद पडेपर्यंत थांबायचं. हे प्रत्येकाला ठाऊक असतं. पण त्याच दिवशी आभाळ भरून येतं आणि घरावर ताडपत्री घालायची राहिलेली असते. मोटर तशीच पडवीत जाते. कार्बोरेटरमधल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट, मधाच्या रंगाचा लेप राहतो. जेटचं भोक जेमतेम सुई जाईल एवढं, त्यात लेप बसला की पेट्रोलने यायचं कुठून?

त्यात आता ऊस आला आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठलं. ऊस, मका, तांदूळ यांपासून बनणाऱ्या या इथेनॉलला पाण्याची फार ओढ. हवेचा स्क्रू उघडा असलेली अर्धवट भरलेली टाकी कोकणच्या पावसाळ्यात ठेवली, की ते हवेतला ओलावा टिपत राहतं. पाणी पुरेसं झालं की पेट्रोलशी काडीमोड घेतं आणि पाण्यासकट तळाशी जाऊन बसतं. पेट्रोल ओढणारी नळीही तळाशीच असते. थोडक्यात, घाटावरचा ऊस आणि कोकणातला पाऊस यांचं सरबत मोटरीला पहिल्या घोटात मिळतं, आणि ते तिला पेटवता आलं नाही तर तिचा दोष काढणं कठीण आहे. तपासायला काचेची बरणी पुरते. टाकीच्या तळचं पेट्रोल तीत काढून रात्रभर ठेवावं. सकाळी खाली वेगळा थर दिसला तर ती टाकी रिकामी करावी आणि कार्बोरेटरवरचे आरोप तूर्त मागे घ्यावेत.

फार जुन्या मोटरींना याचा आणखी एक जाच आहे. त्यांच्या कार्बोरेटरमधला तरंगा बुचाचा असे आणि त्यावर लाखेचा लेप. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते हे लाकडाला पॉलिश करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तरंग्याला ते पेट्रोल पंपावर कळतं. लेप गेला की बूच पेट्रोल पितं, जड होतं आणि बुडतं. पेट्रोलची पातळी आवरण्यासाठी तरंगत राहणं हे ज्याचं एकमेव काम, तोच बुडाल्यावर पेट्रोल बाहेर वाहू लागतं आणि प्लग भिजून चिंब होतो. केरळातल्या मच्छीमारांची तऱ्हा वेगळी. तिथे कित्येक मोटरी पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालवतात. बंद करण्याआधी परत पेट्रोलवर यायचं विसरलं, तर कार्बोरेटरमध्ये रॉकेल उरतं आणि दुसऱ्या दिवशी थंड मोटर त्याला दाद देत नाही.

तेलाचं गणित सोपं आहे, म्हणूनच ते चुकतं. पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. पंचविसास एक म्हणजे ४०. जुन्या मोटरीला जरा जास्त तेल म्हणजे म्हाताऱ्याच्या भातावर जरा जास्त तूप, अशी एक प्रेमळ समजूत आहे. प्रत्यक्षात तेलाने जागा अडवली की त्याच जेटमधून पेट्रोल तेवढं कमी जातं. म्हणजे प्लग तेलाने काळा होतो आणि वर इंजिन उपाशी राहतं ते वेगळंच. तेल घातलं होतं की नाही हे न आठवणारे लोक जगभर असले पाहिजेत, कारण टू-स्ट्रोकच्या तेलात मुद्दाम निळा किंवा हिरवा रंग घालतात. बाटलीत धरून बघितलं की कळतं. तरी संशयाने दुसऱ्यांदा तेल ओतलं जातं. तेल विसरण्यापेक्षा ते बरं, हेही खरं. विसरलं तर पिस्टन सिलिंडरला कवटाळतो आणि मग सोडत नाही.

शेवटी कार्बोरेटर उघडावाच लागतो आणि जमाव सुखावतो. इथे मेस्त्री लागतो. मेस्त्री येण्याआधी जेट साफ करायला कुणीतरी सायकलच्या ब्रेकच्या वायरीचा एक धागा उपसून ठेवलेला असतो. चांगला मेस्त्री तो फेकून देतो. जेटचं भोक कारखान्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून पाडलेलं असतं. पोलादी तारेने ते 'मोकळं' केलं की मोटर जन्मभर जास्त पेट्रोल पिते. पेट्रोलात भिजत घालावं, हवेच्या झोताने फुंकावं, उजेडासमोर धरून पलीकडचा समुद्र गोल दिसतो का बघावं. गोल दिसला की पुरे.

जुन्या मोटरींच्या कार्बोरेटरला मंद चालीचा एक सुईचा स्क्रू असतो, कधी वेगाचाही दुसरा. नव्या मोटरींत हे स्क्रू कारखान्यातच जखडून टाकलेले असतात, आणि त्यामागे कारखानदारांनी केलेला मानवी स्वभावाचा सखोल अभ्यास दिसतो. मंद चालीचा स्क्रू हलक्या हाताने तळाला टेकेपर्यंत आत फिरवायचा. हलक्या हाताने अशासाठी, की सुईचं टोक पितळी बैठकीत एकदा आवळलं की त्यावर कायमचा वळ उठतो. मग साधारण दीड फेरा बाहेर. एवढ्यावर मोटर सुरू होते. ती चांगली गरम झाली की एकेक अष्टमांश फेरा आत फिरवत जायचं आणि दर फेऱ्यानंतर थोडं थांबायचं, कारण बदललेलं मिश्रण इंजिनापर्यंत पोचायला वेळ लागतो.

आत फिरवत गेलं की पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते, आणि एका जागी मोटर कार्बोरेटरच्या तोंडातून चक्क शिंकते. फट्! घरातून निघताना कुणी शिंकलं तर पायरीवरून मागे फिरणाऱ्या माणसांच्या प्रदेशात हे एकमेव काम असं आहे जिथे शिंकेची वाट बघत बसतात. शिंक ऐकली की स्क्रू थोडा बाहेर घ्यायचा. जास्त बाहेर गेला की धूर वाढतो, आवाज घोगरा होतो आणि मोटर अडखळत, एक सोडून एक स्फोट करत चालते. शिंक आणि घोगरेपणा यांच्या मध्ये एक बारीकशी जागा असते जिथे आवाज सलग, गुळगुळीत होतो. तिथे हात काढून घ्यायचा.

हात काढून घेणारा माणूस क्वचित आढळतो. स्क्रू ड्रायव्हर हातात असलेल्याला "मस्त चालली आहे" हे वाक्य अपुरं वाटतं. त्याला "आणखी मस्त" दिसत असतं. तो आणखी थोडा फिरवतो. मोटर मंदावते. तो परत फिरवतो, पण मघाची जागा नेमकी कोणती हे आता कुणालाच आठवत नाही, कारण सगळे तिचा आवाज ऐकण्यात गुंग होते. स्क्रूच्या मूळ जागी खुणेची रेघ मारून ठेवणारा मेस्त्री मिळाला तर त्याला जेवायला घालावं.

शिवाय हे सगळं पिंपात जुळवलेलं असतं. पिंपातलं पाणी पंख्याने घुसळून फेसाळतं, धूरही त्याच पाण्यात सुटून तिथेच घोटाळतो, आणि होडी ढकलायचं ओझं तर नसतंच. परसात शेजाऱ्यांनी वाहवा केलेली मोटर कर्ली नदीच्या मुखाशी भरतीच्या रेट्याविरुद्ध उभी राहिली की तिला पेट्रोल पुरत नाही. खरं ट्यूनिंग पाण्यावर, होडीत, ओझ्याखाली होतं: एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने स्क्रू, आणि दोघांनी एकमेकांच्या घराण्याबद्दल काही बोलायचं नाही. नंतर प्लग काढून रंग बघायचा. काळा आणि ओशट असेल तर मिश्रण दाट. पांढराफटक असेल तर पातळ, आणि पूर्ण वेगात पातळ चालणाऱ्या मोटरीच्या पिस्टनला भोकही पडू शकतं. चॉकलेटी असेल तर प्लग परत बसवावा आणि पाना घरी पाठवून द्यावा.

ठिणगीच्या बाबतीत जुन्या मोटरीने सगळा जिन्नस डोक्यावरच्या जड चाकाखाली लपवलेला असतो. चाकात लोहचुंबक, खाली कॉइल आणि पॉइंट. पॉइंटच्या दोन टोकांत जास्तीत जास्त उघडझाप किती, तर बऱ्याच जुन्या मोटरींत साधारण अर्धा मिलिमीटर. दमट हवेत दोन महिने पडून राहिलेल्या पॉइंटवर पातळ थर चढतो आणि ठिणगी नाहीशी होते. कोरा जाड कागद त्यात धरून दोन-तीनदा ओढला तरी काम भागतं. लग्नपत्रिकेचा कागद उत्तम, आणि कोकणात त्यांचा तुटवडा नाही. अडचण चाक काढण्याची. ते ओढायला वेगळं हत्यार मिळतं, पण हातोडा घरातच असतो. हातोड्याने चाक निघतं हे खरं. सोबत कधी दांड्याचे आटे जातात, कधी अर्धचंद्राच्या आकाराची छोटी चावी वाळूत जाते. चावीशिवाय चाक दांड्यावर किंचित जरी सरकलं तरी ठिणगी भलत्या वेळी पडते आणि मोटर दोरी उलटी खेचून घेते. हाताला बसलेला तो झटका बघून जमाव म्हणतो, "बघ, जीव आहे हिच्यात."

उघड्या चाकाचं वेड ब्रिटिशांना होतं. 'ब्रिटिश सीगल' नावाची मोटर १९३० च्या दशकात निघाली, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने ती मोठ्या संख्येने घेतली, आणि पुढे कित्येक दशकं ती जवळजवळ तशीच बनत राहिली. तिला झाकण नाही. दोरी आपोआप गुंडाळणारी स्प्रिंग नाही. दर वेळी गाठ मारलेली दोरी चाकाला हाताने गुंडाळायची आणि ओढायची; सुटलेली दोरी मागे बसलेल्या पाहुण्याच्या तोंडावर बसते, म्हणून जाणकार पाहुणे पुढे बसत. काही नमुन्यांना क्लचही नव्हता, त्यामुळे इंजिन सुरू होणं आणि होडी निघणं ही एकच घटना होती. धक्क्याला बांधलेली दोरी आधी सोडली होती की नाही हे लगेच कळे. जुन्या सीगलला तेलाचं प्रमाण दहास एक, म्हणजे लिटरला १०० मिलिलिटर. मागून निळा धूर आणि पाण्यावर इंद्रधनुष्य. नंतरच्या नमुन्यांत हे प्रमाण पंचविसास एकवर आणलं. १९९० च्या दशकात ही मोटर बनणं थांबलं, तरी ब्रिटन आणि न्यूझीलंडमध्ये तिच्या शर्यती लावणारे लोक आहेत. दुरुस्तीच्या दृष्टीने ती मोटर सभ्य होती हे मान्य करावं लागेल: उघडायला काही नसल्यामुळे जे बिघडलं ते समोरच दिसे.

मोटर चालू झाली की जमाव पांगतो, आणि खरी काळजी तेव्हा सुरू होते. समुद्राचंच पाणी वर खेचून इंजिन थंड ठेवायचं काम खालच्या पायात बसलेलं एक छोटं रबरी चाक करतं, आणि ते काम चाललंय याचा पुरावा म्हणून बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार बाहेर पडत राहते. (या धारेला किनाऱ्यावर जे नाव आहे ते मासिकात छापण्याजोगं नाही.) धार दिसली नाही तर मोटर तत्काळ बंद करायची. भोकात वाळू किंवा कुंभारमाशीने केलेलं मातीचं घरही असू शकतं. काडी घालून बघावी. नसेल तर रबरी चाकाच्या पाकळ्या गेल्या. त्या पाण्याशिवाय काही सेकंद फिरल्या तरी जळतात, आणि "जरा सुरू होते का बघू" म्हणून परसात कोरडीच फिरवलेली मोटर हे त्याचं नेहमीचं कारण. गेलेल्या पाकळीचा तुकडा पाण्याच्या नळीत वर जाऊन अडकतो, तेव्हा नवं चाक घातलं तरी धार येत नाही, आणि मालकाची नव्या चाकावरची श्रद्धा उडते.

पंख्याच्या दांड्यात जुन्या लहान मोटरींना एक मऊ पिन असते. पंखा खडपावर आपटला की ती तुटते; ती तुटावी म्हणूनच तिथे असते, म्हणजे वरचे गिअर वाचतात. पिन तुटली की मोटर जोरात किंचाळते आणि होडी जागच्या जागी डुलत राहते. कंपनी दोन जादा पिना देते आणि त्या कुठे ठेवल्या आहेत हे मालकाला पक्कं माहीत असतं: घरी. मग होडीतलाच एखादा खिळा कापून बसवला जातो. खिळा तुटत नाही. यावर मालक खूश असतो, पुढच्या खडपापर्यंत. तिथे खिळा शाबूत राहतो आणि गिअरचे दात जातात.

बोल्टांबद्दल थोडक्यात. ॲल्युमिनियमच्या अंगात पोलादी बोल्ट आणि दोहोंवर वर्षानुवर्षं खारं पाणी, एवढी सामग्री असल्यावर बोल्ट निघण्यापेक्षा तुटणं स्वाभाविक. बोल्टचं डोकं पान्यात आणि बाकीचा बोल्ट मोटरीत राहिला की मेस्त्री तंबाखू मळायला बसतो. त्या वेळी त्याच्याशी बोलू नये. दोरीच्या डब्यातली गुंडाळलेली स्प्रिंग मात्र उघडताना स्वतःहून बाहेर येते, वाऱ्यावर लांबच लांब पसरते आणि कोंबड्या पळतात. ती परत आत घालणं हा घरातल्या सर्वांत शांत माणसाचा दिवसभराचा उद्योग.

ज्यांना हा सगळा खटाटोप वाया गेलेला वेळ वाटतो त्यांना कार्ल कीकहेफरचं उदाहरण सांगता येईल. १९३९ साली त्याने विस्कॉन्सिनमधल्या सीडरबर्ग गावी एक बुडालेला कारखाना घेतला. त्याला दुसरंच काहीतरी बनवायचं होतं. पण कारखान्यात 'थॉर' नावाच्या काही शे आउटबोर्ड मोटरी पडून होत्या, धड चालत नाहीत म्हणून माँटगोमेरी वॉर्ड या बड्या दुकानदाराने नाकारलेल्या. हातात पैसा हवा म्हणून त्याने त्या दुरुस्त केल्या. त्या इतक्या सुधारल्या की त्याच दुकानदाराने त्या घेतल्या आणि आणखी मागवल्या. त्यातून पुढे 'मर्क्युरी' उभी राहिली, जिच्या मोटरी आज जगभर दिसतात. दुसऱ्याच्या बंद मोटरी सुरू करून माणूस कारखानदार होतो, असा याचा अर्थ किनाऱ्यावर काढला जातो. कीकहेफरकडे अख्खा कारखाना होता, एवढं मधलं वाक्य सांगताना गळतं.

या उदाहरणाचा परिणाम असा होतो की जुन्या मोटरीचा मालक कधीतरी दुसरी, बंद पडलेली, त्याच मॉडेलची मोटर विकत आणतो. "पार्टासाठी," असं तो घरी सांगतो. घरचे काही बोलत नाहीत. दुसरीचं रबरी चाक पहिलीला बसतं, पहिलीची कॉइल दुसरीला घालून बघितली जाते, आणि तोवर दोन्ही उघडलेल्या असल्यामुळे कोणते बोल्ट कुणाचे यावर मेस्त्री आणि मालक यांच्यात अबोला होतो. मग एका संध्याकाळी दुसरी मोटर, जी फक्त पार्टासाठी होती, सहज म्हणून ओढलेल्या दोरीला पहिल्या ओढीत सुरू होते. तिचा गिअर तेवढा सरकतो. सध्या त्या गिअरसाठी तिसरी कुणाकडे पडून आहे का, याची वेंगुर्ल्यापर्यंत चौकशी चालू आहे.